आयलाची गोफण आणि बाकीच्या बायका

कुणी आत्ताच शेतातून आली असाल, कुणाचा हात पिठात असेल. काम थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐका. आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काहीच नाही. आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय, आणि ती वाचून ठिकठिकाणचे लोक काय काय म्हणाले, त्याबद्दल.

बचत गटाच्या ताईला कादंबरी कशी काय सुचली, असं तुम्ही म्हणाल. सांगते. आपल्या बैठकांमध्ये एक वाक्य हमखास येतं, "हे पहिल्यापासून असंच चालत आलंय." बाईनं नांगराला हात लावायचा नाही, पहिल्यापासून. बाईची मजुरी कमी, पहिल्यापासून. "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" असं विचारलं, की बोलणारा थेट आदिमानवापर्यंत जातो. पुरुष शिकारीला जायचा, बाई गुहेत पोरं सांभाळायची, झालं! जणू हा तिथं दगडावर बसून बघत होता. ही कादंबरी त्या गुहेतच घडते. म्हणून मला ती आपल्या कामाची वाटली.

कादंबरीचं नाव 'द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर'. म्हणजे गुहेतल्या अस्वलाला देव मानणारी टोळी. लिहिणारीचं नाव जीन आउल. ही तिची पहिलीच कादंबरी, १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. यात यानं नाहीत, यंत्रमानव नाहीत. पण शास्त्रज्ञांना जमिनीत जी हाडं आणि हत्यारं सापडली, त्यांच्या आधारानं माणसाच्या सुरुवातीच्या काळाची कल्पना केलेली आहे. म्हणून तिला विज्ञानकथेची जवळची बहीण म्हणायला हरकत नाही.

आधी या बाईचं थोडं ऐका. जन्म १९३६ चा, शिकागो शहरातला. अठराव्या वर्षी लग्न. पंचविशीच्या आत पाच मुलं. पुढं पोर्टलंड नावाच्या गावी एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत कारकून म्हणून लागली आणि एकेक पायरी वर चढत गेली. नोकरी आणि संसार सांभाळून रात्रीच्या वर्गांना जायची. १९७६ साली, चाळिशीत, एमबीए झाली. मग नोकरी सोडली. पुढच्या वर्षी एका रात्री झोप येईना, तेव्हा मनात आलं, एक मुलगी आहे, ती आपल्यापेक्षा वेगळ्या लोकांमध्ये राहते, अशी एक छोटी गोष्ट लिहावी. लिहायला बसली तर लक्षात आलं, ते लोक काय खात होते, काय नेसत होते, आपल्याला ठाऊकच नाही. मग ग्रंथालयात गेली आणि हातात मावतील तेवढी पुस्तकं घेऊन आली. नुसतं वाचून भागेना म्हणून बर्फात कसं तगून राहायचं याचा वर्ग केला, बर्फाच्या गुहेत रात्र काढली. गारगोटीचं हत्यार कसं घडवायचं तेही शिकली. छोट्या गोष्टीची मोठी कादंबरी झाली, आणि पुढं तिच्या सहा कादंबऱ्या झाल्या.

आता गोष्ट. काळ सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीचा, जागा काळ्या समुद्राच्या काठची. बर्फाचं युग. पाच वर्षांची एक पोर नदीवर खेळत असते. भूकंप होतो, तिची माणसं जमिनीत गडप होतात. पोर एकटीच भटकते, उपाशी. गुहेत राहणारा सिंह तिच्या मांडीवर पंजा मारतो. मरायला टेकलेली असताना दुसरीच एक टोळी तिथून चाललेली असते. त्या टोळीत झाडपाल्याची औषधं जाणणारी इझा नावाची बाई असते. ती या पोरीला उचलून कडेवर घेते.

या पोरीचं नाव आहे आयला. हसू नका गं! आपल्याकडे हा शब्द ठेच लागल्यावर तोंडातून निघतो, मला माहीत आहे. गटात सांगताना पाच मिनिटं हसण्यातच गेली होती. पण पुस्तकात नाव तेच आहे, त्याला माझा इलाज नाही.

ती टोळी निअँडरथल माणसांची. हे आपल्यासारखेच, पण आपल्याहून वेगळे असे जुने मानव. जर्मनीत निअँडर नावाच्या खोऱ्यात १८५६ साली त्यांची हाडं सापडली, म्हणून हे नाव पडलं. ठेंगणे, दणकट, भुवयांचं हाड पुढं आलेलं. आयला मात्र आपल्या जातीच्या माणसांची, म्हणजे आज जगात जे सगळे आहेत त्यांच्या वाणाची. कादंबरीतली टोळी तोंडानं थोडंच बोलते, बाकी सगळं हाताच्या खुणांनी. त्यांना आसवं येत नाहीत. आयला रडते तेव्हा इझाला वाटतं पोरीचे डोळे आलेत, आणि ती डोळ्यांवर औषध लावते. मला ही जागा फार आवडली.

त्या टोळीत बायकांचं आणि पुरुषांचं काम कडक वाटून दिलेलं असतं. बाईनं हत्याराला हात लावायचा नाही. लावला तर मरणाची शिक्षा. आयला मात्र झुडपाआड लपून पुरुषांचं शिकवणं बघते आणि गोफण चालवायला शिकते. हो, गोफण! आपण जोंधळा राखायला माळ्यावर चढून चालवतो तीच. मी हे सांगितलं तेव्हा आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "एवढंच ना? मी भोरड्या हाकलताना गोफणीचा दगड बांध ओलांडून टाकायचे. मला कुणी मरणाची शिक्षा नाही दिली."

पुढं एकदा तरस टोळीतलं एक लहान मूल उचलून नेतं. आयला सगळ्यांसमोर गोफण काढते, तरस मारते, मूल वाचवते. आणि मग तिलाच शिक्षा होते. एक महिना तिला मेलेली धरायचं. कुणी बोलायचं नाही, बघायचं नाही, थाळी द्यायची नाही. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, हे तुम्हाला माहीत आहेच. आयला बर्फात महिना काढून जिवंत परत येते. मग टोळीचा भगत, क्रेब त्याचं नाव, जुन्या आठवणींत खोल जाऊन सांगतो की फार फार पूर्वी आपल्या बायकाही शिकार करत होत्या. तेव्हा टोळीचा प्रमुख आयलाला परवानगी देतो. फक्त गोफणीनं, आणि फक्त तिला.

हे शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

आता वाचणारे काय म्हणाले ते सांगते.

पहिली गोष्ट, लोकांनी ती भरभरून वाचली. सहा कादंबऱ्यांच्या मिळून साडेचार कोटींहून जास्त प्रती जगभर खपल्या. वाचकांना भावली ती आयलाची शिकण्याची भूक. कोणतं पान तापावर, कोणतं मूळ पोटदुखीवर, चामडं कसं कमवायचं, आग कशी जपून न्यायची, हे सगळं बारकाईनं लिहिलंय. घरातल्या बाईच्या कामाला इतकी पानं देणारी आदिमानवाची गोष्ट लोकांनी क्वचितच वाचली होती.

दुसरे वाचक म्हणाले, ही पोरगी जरा जास्तच हुशार आहे. पुढच्या भागांत तीच घोड्याला माणसाळवते, तीच लांडग्याचं पिल्लू पाळते, गारगोटीतून ठिणगी काढायचंही तिलाच कळतं. सगळे शोध एकटीनंच लावले का, अशी चेष्टा झाली. मला ही चेष्टा अगदीच खोटी वाटत नाही.

तिसरी तक्रार रंगाची. आयला गोरी, सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची. टोळीतले लोक तिच्यापुढं मंद. काही वाचकांनी विचारलं, हुशारी गोरीलाच का दिलीत? हा प्रश्न आपल्यालाही कळतो, मुलीचं स्थळ बघताना पहिला शब्द रंगाचा निघतो ना! यावर पुढं शास्त्रज्ञांनी गंमतच केली. २००७ साली हाडांतल्या अंशांवरून कळलं की काही निअँडरथल उजळ कातडीचे आणि तांबूस केसांचे असावेत. आणि २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाची तपासणी झाली, तो आपल्या वाणाचा, तर त्याची कातडी गडद असण्याची दाट शक्यता निघाली. म्हणजे चित्र उलटंच! आपल्या सगळ्यांचं मूळ आफ्रिकेतलं आहे, तेव्हा यात नवल काही नाही.

चौथी हरकत पालकांची आणि शाळांची. टोळीप्रमुखाचा मुलगा ब्राउड आयलावर जबरदस्ती करतो. तेव्हा ती अजून लहान मुलगीच असते, आणि तिला त्यातून मूल होतं. अमेरिकेत १९९० ते १९९९ या काळात ज्या शंभर पुस्तकांवर सगळ्यात जास्त हरकती घेतल्या गेल्या, त्या यादीत आउलबाईंच्या या मालिकेचं नाव आहे. म्हणजे ही पुस्तकं ग्रंथालयातून काढा, अशी मागणी झाली. लहान मुलांच्या हातात हे पुस्तक द्यावं असं मीही म्हणणार नाही. गटात सांगताना तो भाग मी एका वाक्यात सांगितला. कुणी काही विचारलं नाही. पण बैठक संपल्यावर एक जण मागं थांबली आणि तिनं एवढंच विचारलं, "त्या पोरीनं कुणाला सांगितलं का?" मी म्हणाले, नाही, त्या टोळीत पुरुषानं असं वागणं गुन्हाच मानत नाहीत, तर सांगणार कुणाला? ती म्हणाली, "आता आहे ना गुन्हा." मी म्हणाले, हो, आता आहे. मैत्रिणींनो, हे रेडिओवरही सांगते. आता तो गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा फोन आहे, पैसे लागत नाहीत.

पाचवे वाचक म्हणजे शास्त्रज्ञ. त्यांचं भांडण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं.

त्यातले काही म्हणाले, निअँडरथल मुके नव्हते. १९८३ साली इस्राएलमधल्या केबारा गुहेत एका निअँडरथलच्या गळ्यातलं छोटं हाड सापडलं, जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं असतं ते. ते अगदी आपल्यासारखं निघालं. त्यामुळे ते चांगलं बोलत असावेत असं अनेकांना वाटू लागलं. काळाबद्दलही वाद झाला. कादंबरी ३० हजार वर्षांपूर्वीची, पण नव्या मोजणीनुसार निअँडरथल ४० हजार वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते.

मोठा वाद होता तो बाळाचा. आयलाच्या बाळाचं नाव डर्क. आई आपल्या वाणाची, बाप निअँडरथल. त्या काळी बऱ्याच जाणकारांना वाटायचं, असं मूल होणारच नाही, झालं तरी त्याचा वंश चालणार नाही. ही नुसती कल्पना, असं म्हणून सोडून दिलं. तीस वर्षं गेली. २०१० साली स्वांते पेबो या शास्त्रज्ञाच्या गटानं जुन्या हाडांतून निअँडरथलचा वारसा वाचून काढला. प्रत्येक पेशीत आईबापाकडून आलेली लिहिलेली पोथी असते असं समजा, ती पोथी. ती आजच्या माणसांच्या पोथीशी ताडून पाहिली, तर आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या पोथीत शेकडा एक ते चार भाग निअँडरथलचा निघाला! पेबो यांना २०२२ साली नोबेल मिळालं. म्हणजे डर्कसारखी मुलं खरंच झाली होती, जगली होती, त्यांनाही मुलं झाली होती.

आणि त्या पोथीत आपणही आलो, बरं का. करोनात काही माणसं जास्त का अत्यवस्थ झाली याचा शोध घेताना २०२० साली कळलं की धोका वाढवणारा एक तुकडा निअँडरथलकडून आलेला आहे, आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात, जवळजवळ निम्म्या लोकांमध्ये तो आहे. युरोपात शंभरात सोळांकडे. दुसरा एक तुकडा उलट करोनापासून थोडा बचाव करणारा निघाला. त्याच वर्षी आणखी एक कळलं. गर्भ टिकायला मदत करणारं जे संप्रेरक असतं, त्याच्याशी जोडलेला एक निअँडरथल तुकडा युरोपातल्या तीनपैकी एका बाईत आहे, आणि तो असलेल्या बायकांत गर्भपात कमी होतात. कोणत्या जुन्या आईचं देणं कोणाच्या ओटीत पडलं बघा. आमच्या गटात हे सांगितल्यावर एक जण म्हणाली, "मग ताई, रक्त शुद्ध ठेवायच्या गप्पा मारणाऱ्यांनी आता कुठं जायचं?" मी काही उत्तर दिलं नाही, सगळ्या हसल्या तेवढ्यानं काम झालं.

पण एक सांगून ठेवते. पोथी एवढंच सांगते की दोन वाणांची माणसं एकत्र आली. प्रेमानं आली की जबरदस्तीनं, हे तिच्यात लिहिलेलं नाही. ते कादंबरीकाराला कल्पनेनंच भरावं लागतं.

आता भगताबद्दल, कारण आमच्या गटातल्या बायकांना तोच सगळ्यात जास्त आवडला. क्रेबचा एक हात नाही, एक डोळा नाही, पायानं लंगडा. शिकारीच्या उपयोगाचा नाही, तरी टोळीत त्याला मोठा मान. ही कल्पना आउलबाईंनी हवेतून घेतली नाही. उत्तर इराकच्या डोंगरात शानिदार नावाची गुहा आहे. तिथं राल्फ सोलेकी यांना १९५७ साली एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा सापडला. उजवा हात वाळलेला आणि खालून तुटलेला. डाव्या डोळ्याजवळचं हाड चेपलेलं, म्हणजे त्या डोळ्यानं बहुतेक दिसत नसावं. पायाला इजा. नंतरच्या तपासणीत कानही अधू असल्याचं दिसलं. या जखमा भरून आलेल्या होत्या, म्हणजे तो त्यानंतर कितीतरी वर्षं जगला. त्या काळात, त्या थंडीत, जंगली जनावरांत, एका हातानं माणूस एकटा जगत नाही. कुणीतरी त्याला खायला दिलं, कुणीतरी थांबून त्याच्या चालीनं चाललं.

त्याच गुहेतल्या दुसऱ्या एका सांगाड्याजवळ फुलांचे परागकण सापडले. तेव्हा वाटलं, मयतावर फुलं वाहिली असणार. पुढं दुसरे म्हणाले, ते पराग मधमाश्यांनी नाहीतर उंदरांनी आणलेले असतील. फुलांचं काय ते शास्त्रज्ञ ठरवतील. वाळलेल्या हाताचा तो माणूस मात्र वर्षानुवर्षं पोसला गेला, ते त्याच्या हाडांवरच लिहिलेलं आहे. पहिल्यापासून काय चालत आलंय असं कुणी विचारलं, तर मी आधी हे सांगेन.

आणि शिकार? बाई शिकार करत नव्हती हे नक्की का? दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या उंच डोंगरात २०१८ साली सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. शेजारी शिकारीची दगडी पाती, जनावर सोलायची अवजारं, सगळा संच. सगळ्यांना वाटलं, टोळीतला मोठा पुरुष असणार. दातांवरच्या लुकणातली प्रथिनं तपासली तर ती निघाली सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. एका मुलीवरून सगळ्या जगाच्या बायका शिकारी होत्या असं म्हणता येत नाही, त्यावर अजून वाद चालू आहेत. पण "बाई गुहेतच होती" हे वाक्य आता कुणाला डोळे मिटून बोलता येणार नाही.

आउलबाईंनी टोळीच्या भगताच्या तोंडी "पूर्वी बायका शिकार करत होत्या" हे घातलं ते पेरूतली मुलगी सापडायच्या कितीतरी आधी.

आता त्या दोन शब्दांकडे येते. "फक्त तिला."

आमच्याकडच्या एका गटानं मागच्या वर्षी कर्ज काढून पॉवर टिलर घेतला. गटाच्या नावावर. हप्ता बायकांचा, सही बायकांची, आणि चालवायला मात्र कुणाचा दीर, कुणाचा मुलगा. भाडं बाहेरून यायचं त्यातला चालवण्याचा वाटा घरातले पुरुषच घेऊन जायचे. मग गटातली एक सून शिकली. बारावी झालेली, धीट. तिनं टिलर चालवला, गावानं बघितलं, सरपंचांनी सत्कार केला, पेपरात फोटो आला. सगळ्या खूष. मीही खूष. आता झालं, असं सगळ्यांना वाटलं.

ही कादंबरी मी याच गटात, बचत गोळा झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं, असं करत चार बैठकांत सांगितली. मी ती इंग्रजीतून वाचलेली, शब्दकोश शेजारी ठेवून, त्यामुळे सांगायला वेळ लागायचा. आयलाला परवानगी मिळते तिथं मी आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोफणवाल्या आजी मात्र गप्प बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "परवानगी एकटीलाच दिली का? बाकीच्या बायकांचं काय?"

मी म्हणाले, बाकीच्यांचा नियम तसाच राहिला.

आजी म्हणाल्या, "मग बदललं काय? एकीला देव्हाऱ्यात बसवलं आणि बाकीच्यांना चुलीपुढं. उद्या ही गेली की संपलं."

मैत्रिणींनो, कादंबरीत अगदी तेच होतं. जुना प्रमुख पायउतार होतो, ब्राउड प्रमुख होतो, आणि पहिल्याच झटक्यात आयलाला कायमची हाकलून देतो. तिचं लेकरू तिच्याकडून काढून घेतात. ते दुसरीच्या पदरात टाकून तिला एकटीला निघावं लागतं. टोळीतली एकही बाई मध्ये पडत नाही, कारण एकीलाही ते शक्य नसतं. आयला इतकी हुशार, शूर, झाडपाल्यात तरबेज, पण तिच्यासारखी दुसरी तिथं कुणी नव्हती.

"ही पोरगी जरा जास्तच हुशार आहे" असं जे वाचक म्हणाले, ते मला इथं आठवले. ते लेखिकेला दोष देत होते. पण गावात सुद्धा असंच असतं. एखादी फार हुशार असेल, फार धीट असेल, तर तिला सूट मिळते. आणि बाकीच्यांना सांगितलं जातं, ती वेगळी आहे बाई, तिचं तुम्हाला जमणार नाही. सत्कार होतो तोही पुष्कळदा यासाठीच, की ती एकटीच राहावी.

आजींच्या प्रश्नानंतर त्या दिवशी बैठक लांबली. टिलरवाली सून स्वतःच म्हणाली, "मला पण एकटीला भीती वाटते. परवा मशीन बांधावर अडकलं तर चार माणसं लांब उभी राहून हसत होती. शेजारी आपली एक जण असती तर मी घाबरले नसते." मग ठरलं, अजून चार जणी शिकणार. दर शनिवारी सकाळी, मोकळ्या रानात. नावं इतिवृत्ताच्या वहीत लिहिली आणि सह्या झाल्या. चौघींपैकी दोघींच्या घरून अजून होकार आलेला नाही. एकीची सासू म्हणते, "आपल्या घरात असलं पहिल्यापासून नाही." तिच्या घरी या आठवड्यात आम्ही तिघी जाणार आहोत. आजी पण येणार आहेत. त्या म्हणाल्या, गोफणीचं मी सांगते, तू त्या पेरूच्या पोरीचं सांग. बघू काय होतंय ते. पुढच्या भाषणात कळवीन.

तुम्हाला एक काम देते. तुमच्या पुढच्या बैठकीत ही गोष्ट सांगा. जशी आठवेल तशी सांगा, नावं चुकली तरी चालतील. आयलाच्या नावावर हसून घ्या. मग प्रत्येकीला विचारा, तुला यात काय पटलं, काय नाही पटलं. जी कधीच बोलत नाही तिला आधी विचारा. अमेरिकेतल्या वाचकांनी पाच प्रकारची मतं दिली, आमच्या आजींनी सहावं दिलं. तुमच्या गटातून सातवं निघेल. आणि तुमच्या गटात अशी एखादी एकटी आयला असेल, टिलर चालवणारी, मोटरपंप दुरुस्त करणारी, बँकेत ठामपणे बोलणारी, तर तिच्या शेजारी दुसरी कोण बसणार ते नाव त्याच दिवशी वहीत लिहा.

वेळ संपत आली. भाकरी तव्यावर असेल, करपू देऊ नका. नमस्कार.